मातीच्या भिंती आणि पावसाची ओल : पांढुर्णा-सौंसरच्या जुन्या घरांची निगा

पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतल्या जुन्या वस्त्यांत मातीच्या भिंतींची, कवेलूंच्या छपराची घरे अजूनही उभी आहेत. काहींत म्हातारे आईवडील राहतात. काहींना कुलूप आहे, मुले नागपूर, छिंदवाडा, पुणे अशी पांगली आहेत आणि पोळ्याला किंवा दिवाळीला घर उघडते. पावसाळा तोंडावर आला की अशा घरांतून एकच प्रश्न निघतो : भिंतीला खालून ओल येते, सिमेंट मारून घ्यावे का?

थोडक्यात उत्तर असे की मारू नये. ते का आणि त्याऐवजी काय करावे, एवढेच या लेखात मांडले आहे. आम्ही अभियंता नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पण मातीच्या घरात वाढलो, त्याची एक भिंत स्वतःच्या चुकीने घालवली आणि उरलेल्या भिंती राखायला नंतर शिकलो. ते समाजबांधवांच्या कामी यावे, म्हणून हा खटाटोप.

आपल्याकडच्या भिंती कशा आहेत

जुन्या लोकांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. घर बांधायला काळी माती घेत नसत. कपाशीची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढी भेग पडते, ती भिंतीत पडली तर काय होईल? म्हणून भिंतीला पांढरी किंवा मुरमाड माती, त्यात गव्हाचे कुटार, आणि तो गारा काही दिवस भिजवून, पायांनी तुडवून वापरत.

भिंती तीन प्रकारच्या सापडतात. पहिली, गाऱ्याचे थर एकावर एक देऊन उभारलेली. ती हातभराहून जास्त जाड असते. दुसरी, कच्च्या विटांची. तिसरी, बांबू किंवा पऱ्हाटीचा कुड करून त्याला दोन्हीकडून माती लिंपलेली. नव्या बांधकामात चौथा प्रकार आला आहे. फळ्यांच्या साच्यात ओलसर माती टाकून ती थराथराने धुम्मसाने ठोकतात आणि साचा काढून घेतात. तिला रॅम्ड अर्थ म्हणतात. ती दिसायला देखणी आणि साध्या गाऱ्याच्या भिंतीपेक्षा घट्ट असते, पण पाण्याच्या बाबतीत तिचा स्वभाव या तिघींसारखाच आहे.

हा स्वभाव पाहायचा असेल तर वऱ्हाड-नागपूरकडच्या गावांतल्या पांढऱ्या मातीच्या गढ्या पाहाव्यात. डोक्यावर छप्पर होते तोवर त्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या. छप्पर गेले, लाकूड लोकांनी नेले, आणि तीच भिंत पावसाने वरून विरघळत मातीचा ढीग झाली. माती तीच होती, फक्त तिच्यावरचे आच्छादन गेले होते.

पाणी भिंतीत कुठून येते

वाटा चार आहेत. कोणत्या वाटेने पाणी येते हे ओळखल्याशिवाय खर्च करू नये.

एक, वरून. कवेलू सरकले, फुटले, माकडांनी उलथवले, की पाणी भिंतीच्या माथ्यावर पडते. ही सर्वांत घातक वाट. भिंत वरून आत भिजते आणि बाहेरून कोरडी दिसते.

दोन, बाजूने. वाऱ्यासह येणारा पाऊस भिंतीवर आपटतो. वळचण आखूड असेल तर पागोळ्यांचे पाणी जमिनीवर पडून चिखलाचे शिंतोडे भिंतीच्या खालच्या दीड-दोन फुटांवर उडतात. तिथली माती रोज थोडी थोडी खरवडली जाते.

तीन, खालून. कंदिलाची वात जशी तेल वर ओढते तशी मातीची भिंत जमिनीतले पाणी वर ओढते. त्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार भिंतीवर राहतात. पांढरी भुकटी दिसते, पोपडे सुटतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो.

चार, आपण स्वतः. न्हाणी भिंतीला लागून, पाण्याचा माठ भिंतीला टेकून, नळाचा पाइप भिंतीतून. आणि आपल्या भागात खास म्हणजे कूलर. मार्च ते जून खिडकीत कूलर चालतो, त्याचे पाणी ठिबकत राहते आणि ज्या दिवसांत भिंतीने कडक वाळायला हवे, त्याच दिवसांत ती खिडकीखाली भिजत असते.

यांत अलीकडे आणखी एक कारण वाढले. गावातला सिमेंटचा रस्ता दर खेपेला जुन्यावरच नवा थर देऊन होतो. रस्ता वीतभर उंच झाला की घराचे जोते तेवढेच खाली गेल्यासारखे होते. पूर्वी अंगणातून रस्त्याकडे वाहणारे पाणी आता रस्त्यावरून अंगणात येते. आपण म्हणतो, यंदा ओल जास्त आली. खरे म्हणजे पाऊस तेवढाच असतो, उतार उलटा झालेला असतो.

सिमेंटच्या गिलाव्याने काय होते

माती पाणी घेते तशी सोडतेही. कोरड्या हवेत भिंत दोन्ही अंगांनी वाळते. आपल्याकडे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. त्यानंतर आठ महिने हवा बहुतेक कोरडी आणि उन्हाळा रखरखीत. म्हणजे भिंतीला वाळायला निसर्गाने दुप्पट वेळ दिला आहे. आपली घरे टिकली ती या हिशेबावर.

सिमेंटचा गिलावा हा हिशेब मोडतो. तो कडक, माती मऊ. ऊन-पावसात दोघांचे फुगणे-आकसणे वेगळे, म्हणून गिलाव्याला केसासारख्या चिरा पडतात. चिरेतून पाणी आत जाते, पण बाहेर यायला तेवढी वाट नसते. खालून चढणारे पाणीही पूर्वी फूटभरावर उडून जायचे, ते आता गिलाव्यामागे कोंडून कमरेपर्यंत चढते. क्षार गिलाव्याच्या मागे साठतात आणि त्याला मातीपासून सोडवतात. बोटाने वाजवले तर पोकळ आवाज येतो. बाहेरून भिंत पक्की, गुळगुळीत, रंग दिलेली दिसते आणि आत माती लोण्यासारखी झालेली असते. ऑइल पेंट, प्लास्टिक रंग, भिंतीला चिकटवलेल्या टाइल्स, यांचाही परिणाम तोच.

वाळलेल्या मातीच्या भिंतीत छप्पर पेलण्याची भरपूर ताकद असते. ती ताकद चिकणमातीच्या कोरडेपणात आहे. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की ती झपाट्याने उतरते आणि भिंत खालच्या हातभरात दबून कोसळते.

आमच्या घरी काय झाले

१९९६ साली आम्ही गावाकडच्या घराच्या रस्त्याकडील भिंतीला बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. तेव्हा आम्ही बाहेरगावी नोकरीला होतो. वडील म्हणाले होते, "पोतारू द्या, सिमेंट नको." आम्ही ऐकले नाही. दरवर्षी पोतारायला आईला त्रास होतो, एकदाच खर्च करून मोकळे होऊ, असा आमचा विचार. पैसेही आमचेच होते, त्यामुळे कोणी फार बोलले नाही.

पाच-सहा वर्षे भिंत छान दिसली. मग खाली पोपडे सुटू लागले. आम्ही त्यावर पुन्हा सिमेंट थापले. दहाव्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, चार दिवसांची झड लागली होती. चौथ्या रात्री ती भिंत आत कोसळली. आईची खाट त्याच भिंतीला लागून असे. त्या रात्री छप्पर ठिबकत होते म्हणून तिने खाट मधल्या खोलीत ओढून घेतली होती, एवढेच.

सकाळी ढिगाऱ्यात सिमेंटच्या गिलाव्याचे मोठमोठे पत्रे अख्खे पडलेले होते. त्यांच्या मधली माती हातात घेतली तर पिळता येत होती. त्याच घराची मागची भिंत, जिला आई दर सणाला शेणामातीने सारवत होती, ती जागची हललीसुद्धा नव्हती. ती आजही उभी आहे.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर मातीच्या घराची निगा हा दरवर्षी भरायचा छोटा हप्ता आहे. आम्ही तो एकरकमी चुकवायला गेलो आणि थकबाकी वाढवून बसलो.

भिंत कोरडी ठेवण्याचे उपाय

छप्पर. मृगापूर्वी कवेलू फेरून घ्यावेत, फुटके बदलावेत. भिंतीच्या बाहेर वळचण दोन ते अडीच फूट असावी. जुनी आखूड असेल तर बल्ल्यांना जोड देऊन पुढे टिनाची एक ओळ वाढवता येते. शक्य असेल तिथे पन्हळ लावून पाणी भिंतीपासून दूर सोडावे. गळती थांबवायला छपरावर मातीचे ओझे मात्र वाढवू नये. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांवर गळती लागली की आणखी माती टाकायची रीत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात त्या जड धाब्यांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली.

जोते. दगडी जोते जमिनीपासून किमान दीड फूट वर दिसले पाहिजे. रस्ता वाढल्याने ते बुडाले असेल तर भिंतीलगत साठलेली माती आणि मलबा खणून काढावा. घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला मुरमाचा किंवा फरशीचा पट्टा करावा आणि त्याच्या कडेने नाली काढावी. भिंतीला लागून कोबा करू नये. चार बोटे जागा सोडून तिथे गिट्टी भरावी, म्हणजे भिंतीचा पाय श्वास घेतो. फुलझाडांचे वाफे आणि तुळशीला घातलेले पाणी भिंतीपासून दूर असावे.

भिंतीचे अंग. बाहेरून मातीचाच गिलावा करावा. चाळलेली पांढरी किंवा मुरमाड माती, थोडी रेती आणि बारीक कुटार भिजवून आठवडाभर मुरू द्यावे, रोज तुडवावे, लावताना शेण मिसळावे. भेगा पडत असतील तर रेती वाढवावी, हाताला भुकटी लागत असेल तर चिकणमाती वाढवावी. तो पूर्ण वाळल्यावर वर विरवलेल्या चुन्याचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पावसाचा मारा सोसतो आणि आतली वाफही बाहेर जाऊ देतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने मातीच्या गिलाव्यात पातळ केलेले डांबर मिसळून पावसाने न झिजणारा गिलावा करण्याची पद्धत बसवली आहे. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला, फक्त बाहेरून आणि खालून येणारी ओल आधी थांबवल्यावरच ती वापरावी.

घरातले पाणी. न्हाणी आणि भांडी घासायची जागा मातीच्या भिंतीपासून वेगळी करावी. कूलर खिडकीत टांगू नये; लोखंडी घोडीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावा.

ओल लागलेली भिंत कशी सुधारावी

आधी ओल कुठली ते पाहावे. भिंतीच्या कोरड्या दिसणाऱ्या भागावर फूटभर प्लास्टिकचा चौकोनी कागद चारी बाजूंनी पट्टी लावून चिकटवावा. दोन दिवसांनी आतल्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतली आहे. बाहेरच्या बाजूला धरले तर ती हवेतली आहे आणि खिडक्या उघडणे हाच उपाय.

भिंतीतली ओल असेल तर पाण्याची वाट बंद करून मगच भिंतीला हात लावावा. सिमेंटचा गिलावा काढायचे काम दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत करावे. एकदम सगळा झोडपून काढू नये. दोन-तीन फुटांचे पट्टे करून हलक्या हाताने सोडवावा. भिंत खाली खूप मऊ लागली तर छपराला बल्ल्यांचा टेकू दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. उघडी झालेली भिंत पूर्ण उन्हाळाभर वाळू द्यावी. लोणा कोरड्या झाडूने झाडून, ती भुकटी गोळा करून बाहेर टाकावी. पाण्याने धुतल्यास क्षार परत आत जातात. खालचा भाग खचला असेल तर दोन-अडीच फुटांचा एक टप्पा, मग मधला सोडून पुढचा, अशा क्रमाने दगड भरून घ्यावेत. सलग खणल्यास भिंत अंगावर येते. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावे.

नवे बांधणाऱ्यांसाठी, आणि समुद्रकाठी बांधणाऱ्यांसाठी

शेतात रॅम्ड अर्थचे घर बांधण्याची हौस आता काही तरुण मंडळींना आहे. चांगली गोष्ट आहे. माती निवडताना काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती व बाकी पाणी भरून हलवावे आणि एक दिवस ठेवावे. खाली खडे-रेती, मध्ये गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतात. रेती-खडे निम्म्याहून अधिक आणि चिकणमाती साधारण पाचवा-चौथा हिस्सा असेल तर ती माती ठोकायला योग्य. निव्वळ काळी माती घेऊ नये. मातीत ५ ते १० टक्के सिमेंट मिसळून ठोकलेली भिंत पाण्याला बरीच जास्त टिकते. चिकणमाती जास्त असेल तर चुना बरा. अशी भिंत तीन-चार आठवडे ओली ठेवून पिकवावी लागते. जोते आणि भिंत यांच्यामध्ये काँक्रीटचा पातळ थर व त्यावर डांबर द्यावे, म्हणजे खालची ओल तिथेच अडते. तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळचे ऑरोविल आणि २००१ च्या भूकंपानंतरचे कच्छ या दोन्ही ठिकाणी ठोकलेल्या मातीची घरे झाली आहेत. मातीच्या इमारतींच्या भूकंपसुरक्षेसाठी आय.एस. १३८२७ हे भारतीय मानक आहे, ते आराखडा करणाऱ्याला आवर्जून दाखवावे.

नोकरीनिमित्त कोकणात किंवा गोव्यात गेलेले आपले कोणी तिथे मातीचे घर बांधणार असतील तर त्यांनी आपल्या गावचा हिशेब तिथे लावू नये. तिथे पाऊस आपल्या दुपटी-तिपटीने पडतो. पावसाळा संपला तरी हवेत दमटपणा राहतो, आणि वाऱ्याबरोबर समुद्राचे मीठ येते. मीठ स्वतःच हवेतली ओल ओढते, म्हणून भिंत कधी पुरती वाळतच नाही. कोकणातली जुनी घरे पाहिली तर उत्तर सापडते : जांभ्या चिऱ्याचे उंच जोते, तीव्र उताराचे छप्पर, खूप पुढे आलेली वळचण, आणि बहुतेक बाजूंनी पडवी, म्हणजे मुख्य भिंतीला पावसाचा स्पर्शच नको. तिथे रेती खाडीची किंवा समुद्राची वापरू नये. सिमेंट मिसळलेली रॅम्ड अर्थ भिंत असेल तर वाफ बाहेर जाऊ देणारा सिलेन-सिलोक्सेन जातीचा जलरोधक बाहेरून देता येतो, पण काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. वळचणीला तो पर्याय नाही.

वर्षाचे वेळापत्रक

अक्षयतृतीया ते मृग (साधारण ७ जून) : कवेलू फेरणे, नाली साफ करणे, वळचणीखालचा पट्टा दुरुस्त करणे, पावसाच्या बाजूच्या भिंतीला बांबूचे तट्टे बांधणे.

मृग ते पोळा : दर आठवड्याला घराभोवती एक फेरी. पाणी कुठे साचते ते पाहून खुणा करणे.

पोळ्याला घरी आल्यावर : गोटमारीची गर्दी सुरू होण्याआधी माळ्यावर चढून भिंतीचा माथा हाताने तपासणे. तो ओला असेल तर छपरात दोष आहे.

दसरा-दिवाळी : लोणा झाडणे, खड्डे बुजवणे, पोतारणे, चुना देणे.

दिवाळी ते होळी : मोठी दुरुस्ती.

कुलूप असलेल्या घराच्या खिडक्या पावसाळ्यानंतर महिन्यातून दोनदा तरी कोणाकडून उघडून घ्याव्यात. बंद घर ओलीने लवकर जाते.

झडीच्या दिवसांत

भिंतीला पोट सुटणे, छपराजवळ तिरपी भेग पडणे, दार अचानक अडकू लागणे, खालची माती बोटाने रुतणे, यांपैकी काही दिसले तर त्या खोलीत झोपू नये. खाटा, पाळणे आणि गोठ्यातली जनावरे त्या भिंतीपासून हलवावीत, विजेचा मेन स्विच बंद करावा. झड थांबल्यावर ऊन पडते तेव्हाही निर्धास्त होऊ नये, पाणी प्यालेली भिंत नंतरही पडते.

अतिवृष्टीने घर पडल्यास मध्य प्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ नुसार मदतीची तरतूद आहे. मलबा उचलण्याआधी फोटो काढावेत, पटवाऱ्याला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि तहसील कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच जपून ठेवावी. घर अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर कागद आत्ताच नीट करून घ्या, पंचनाम्याच्या वेळी त्यावरूनच अडते.

आपल्या घरी भिंत भिजवायची, गारा मुरवायची, कवेलू फेरायची रीत जाणणारे कोणी वडीलधारे असतील तर यंदा मृगाआधी त्यांना सोबत घेऊन एकदा घराभोवती फिरा आणि ते दाखवतील ते लिहून ठेवा. आमच्या वडिलांना आम्ही तेव्हा विचारले नाही. मागची भिंत कशी पोतारायची ते आता आमची सून आईच्या वहीवरून करते.